हवाई टॅक्सीला लोक ‘बघू नंतर’ का म्हणतात?

प्रश्न असा आहे: शहरातल्या शहरात उडणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या हवाई टॅक्सीबद्दल विचारलं की बहुतेक लोक कौतुकाने बोलतात. मग प्रत्यक्ष तिकीट काढायची वेळ आली की ते मागे का सरतात? आणि सेवा सुरू करू पाहणाऱ्याने या नकाराकडे कसं बघायचं?

भीती हे एक कारण आहेच, पण तिचा वाटा समजला जातो तेवढा मोठा नाही. बराचसा नकार हिशेबी असतो. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत लागणारा वेळ, परतीची खात्री, सोबतची बॅग, शेजारी बसणारा माणूस आणि भाडं हे सगळं प्रवासी मनातल्या मनात एकदम जोखतो आणि ‘एवढा खटाटोप कशाला’ या निष्कर्षावर येतो. उद्योग मात्र याला जनजागृतीचा अभाव म्हणतो आणि प्रात्यक्षिकं, चकचकीत व्हिडिओ यांवर पैसा ओततो. हिशेबाने आलेला नकार जाहिरातीने जात नाही. हिशेबातले आकडेच बदलावे लागतात.

आधी कौतुक आणि वापर यांतलं अंतर पाहू. युरोपीय संघाच्या हवाई सुरक्षा संस्थेने, म्हणजे ‘ईआसा’ने, 2021 मध्ये सहा शहरी भागांतल्या सुमारे 4,000 नागरिकांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. शहरी हवाई वाहतुकीबद्दल 83 टक्के लोकांचं पहिलं मत अनुकूल होतं. पण हवाई टॅक्सीत स्वतः बसून बघायची तयारी जेमतेम निम्म्यांनी, 49 टक्क्यांनी दाखवली. ड्रोनने सामान मागवायला त्याहून जास्त, 64 टक्के तयार होते. म्हणजे 83 वरून 49 ही घसरण कागदावरच झाली, तीही भाडं भरायचं नसताना, पाऊस नसताना, विमानतळावर उशीर होत नसताना. खऱ्या बाजारात आकडा याच्याही खाली येईल असं धरूनच नियोजन करावं.

‘नाही’ म्हणणारे सगळे एका जातीचे नसतात, हे न ओळखल्यामुळे पुढचे बरेच निर्णय चुकतात. ग्राहकांच्या विरोधावर काम करणारे अभ्यासक त्याचे तीन प्रकार मानतात: पुढे ढकलणं, नाकारणं आणि उघड विरोध करणं. पुढे ढकलणारा म्हणतो, ‘आधी दोन वर्षं चालू दे, मग बघू.’ तो उद्याचा ग्राहक आहे. त्याला हवा असतो तो इतरांच्या वापराचा पुरावा. नाकारणाऱ्याने हिशेब मांडलेला असतो आणि तो तोट्यात निघालेला असतो. त्याला पुरावा नको, वेगळा सौदा हवा. विरोध करणारा बहुतेक वेळा प्रवासी नसतोच. तो उड्डाणमार्गाखाली राहणारा माणूस असतो. राम आणि शेठ या अभ्यासकांनी 1989 मध्ये नव्या वस्तूंच्या वाटेतले पाच अडथळे मांडले: वापराची सवय मोडणं, मोबदला न पटणं, जोखीम, परंपरा आणि प्रतिमा. ही चौकट अजूनही उपयोगी आहे. मात्र ती विकत घेणाऱ्यासाठी बनवलेली आहे. हवाई टॅक्सीच्या बाबतीत विकत न घेणाऱ्याचा नकार जास्त निर्णायक ठरतो, त्याकडे नंतर येतो.

सगळ्यात मोठा अडथळा मोबदल्याचा आहे, आणि तो आकड्यांनीच समजतो. एक कल्पित प्रवास घेऊ: अंतर 40 किलोमीटर, रस्त्याने दारातून दारात 70 मिनिटं, सगळी एकाच गाडीत बसून. हवाई टॅक्सीने हाच प्रवास असा पडेल: घरापासून व्हर्टिपोर्टपर्यंत, म्हणजे हवाई टॅक्सीच्या चढण्या-उतरण्याच्या तळापर्यंत, गाडीने 12 मिनिटं; उड्डाण चुकू नये म्हणून लवकर पोहोचून थांबणं 10; ओळखपत्र, वजन, तपासणी आणि चढणं 8; उड्डाण 15 (ताशी 200 किलोमीटरने 12 मिनिटं, वर जाणं-खाली येणं 3); उतरून बाहेर पडणं 4; पुढच्या गाडीची वाट पाहणं 4; आणि शेवटचा टप्पा 9. बेरीज 62. वाचली फक्त 8 मिनिटं.

आणि ही झाली घड्याळातली मिनिटं. वाहतूक नियोजनात थांबण्याचा वेळ गाडीत बसलेल्या वेळेच्या साधारण दीड ते अडीच पट जड धरतात, कारण माणसाला तो तसाच जाणवतो. प्रत्येक गाडीबदलाचाही वेगळा दंड धरतात. वरच्या हिशेबात थांबण्याची 26 मिनिटं दुप्पट धरली तर 52 होतात, बसण्याची 36 तशीच राहतात आणि दोन बदलांचे प्रत्येकी 5 धरले की जाणवणारा प्रवास 98 मिनिटांचा होतो. मोटारीचा मात्र 70 चाच. प्रवाशाने हा हिशेब कागदावर मांडलेला नसतो, पण त्याचं अंग तो मांडतं, आणि ‘आपली गाडीच बरी’ हे उत्तर त्यातून येतं. याला अडाणीपणा म्हणता येत नाही.

आता याच आकड्यांशी थोडं खेळून बघा. विमानाचा वेग दुप्पट केला तर उड्डाणाची 15 मिनिटं 9 वर येतात, एकूण 56. म्हणजे अब्जावधींचा तांत्रिक पराक्रम करून मिळाली सहा मिनिटं. उलट वेग तोच ठेवून व्हर्टिपोर्ट जवळ आणला (12 ऐवजी 6, शेवटी 9 ऐवजी 5), थांबणं 10 वरून 3 वर आणलं, तपासणी आणि चढणं 4 मिनिटांत उरकलं, उतरून बाहेर पडायला 2 लागले आणि पुढची गाडी दारात उभी ठेवली (वाट पाहणं 4 ऐवजी 1) की एकूण वेळ 36 मिनिटं होतो, आणि जाणवणारा वेळ 56. इथे मोटार हरते. म्हणूनच ‘आमचं विमान ताशी 300 किलोमीटर उडतं’ हा प्रचार ग्राहकाच्या एकूण वेळेतल्या एका लहान भागाबद्दल बोलत असतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. अंतर जितकं कमी, तितका हा सौदा वाईट. पंधरा-वीस किलोमीटरच्या आत हवाई टॅक्सी क्वचितच जिंकते. खाडी, नदी, डोंगर मध्ये आडवा असेल किंवा रस्त्याने फार मोठा वळसा पडत असेल तरच. उलट 100 किलोमीटरला रस्त्याने अडीच तास लागत असतील, तर हाच ढिसाळ जमिनीवरचा कारभार ठेवूनही हवाई प्रवास सुमारे 80 मिनिटांत होतो. मग तिथे बॅटरीची मर्यादा आडवी येते. चांगल्या लिथियम-आयन पेशीत किलोमागे साधारण 250 ते 300 वॉट-तास ऊर्जा मावते. विमानाच्या इंधनात सुमारे 12,000. मोटरची कार्यक्षमता जास्त असली तरी ही दरी भरून निघत नाही. म्हणून ग्राहकाला जे अंतर हवं असतं तिथे बॅटरी धापा टाकते, आणि बॅटरीला जे अंतर सोयीचं पडतं तिथे ग्राहकाला गरज नसते. या उद्योगाची खरी अडचण या एका वाक्यात आहे असं माझं मत आहे.

उबरने जुलै 2019 मध्ये मॅनहॅटन ते जॉन एफ. केनेडी विमानतळ अशी ‘उबर कॉप्टर’ सेवा सुरू केली, हेलिकॉप्टरने. हवेतला वेळ आठेक मिनिटांचा, भाडं माणशी 200 ते 225 डॉलर, आणि दोन्ही टोकांना मोटारीचा तुकडा जोडलेला. डिसेंबर 2020 मध्ये उबरने आपला हवाई विभागच हवाई टॅक्सी बनवणाऱ्या जोबी कंपनीला देऊन टाकला. एअरबसची साओ पाउलो, मेक्सिको सिटी वगैरे शहरांतली हेलिकॉप्टर आरक्षणाची ‘वूम’ सेवा मार्च 2020 मध्ये बंद झाली. कोरोनाच्या साथीने घाव घातला हे खरं, पण या सेवांचा ग्राहकवर्ग मुळातच अरुंद होता.

वेळेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे परतीची खात्री, आणि सर्वेक्षणांत तिच्याबद्दल फार क्वचित विचारतात. लहान विमान ढगांची खालची पातळी, दृश्यमानता, वाऱ्याचे झोत, गारठा आणि विजा यांना फार लवकर बळी पडतं. उंच इमारतींच्या कडेला वारा भोवरे घेतो, तिथल्या गच्चीवर उतरण्याची मर्यादा आणखी कडक असते. थंडीत बॅटरी कमी ऊर्जा देते. कडक उन्हात हवा विरळ होते, पंख्यांना उचल कमी मिळते आणि एखादं आसन रिकामं ठेवावं लागतं. खरी मेख पुढे आहे: ज्या दिवशी मुसळधार पाऊस पडून रस्ते तुंबतात, त्याच दिवशी हवाई टॅक्सी जमिनीवर बसते. म्हणजे ग्राहकाला ती जेव्हा सगळ्यात जास्त हवी, तेव्हाच ती नसते. सकाळी उडत गेलेला माणूस संध्याकाळी वादळामुळे अडकला, की त्या दिवसाचं वाचलेलं सगळं वाया जातं. एवढ्या एका अनुभवाने तो नेहमीचा ग्राहक होता होता राहतो.

यावर उपाय आहेत आणि ते उडण्याशी संबंधित नाहीत. उड्डाण रद्द झाल्यास त्याच भाड्यात मोटार, आपोआप, ग्राहकाने फोन न करता. हवामानामुळे रद्द होण्याची शक्यता आरक्षण करतानाच दाखवणं, आणि अंतिम निर्णय निघण्याच्या तासभर आधी कळवणं, जेणेकरून माणूस व्हर्टिपोर्टवर पोहोचून हिरमुसणार नाही. प्रत्येक मार्गावर महिन्याला किती उड्डाणं रद्द झाली ते जाहीर करणं. हा शेवटचा उपाय विक्री विभागाला कधीच आवडत नाही. पण आकडा लपवला तर ग्राहक स्वतःच्या मनात तो धरतोच, आणि खऱ्यापेक्षा वाईट धरतो.

आता सुरक्षितता. इथे उद्योगाचं बोलणं आणि ग्राहकाचं ऐकणं यांत मेळ नसतो. ईआसाच्या जुलै 2019 च्या विशेष अटींनुसार शहरावरून पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या अशा विमानात जीवघेणा बिघाड अब्ज उड्डाण-तासांत एकाहून कमी वेळा व्हावा, आणि एखादा गंभीर बिघाड झाला तरी विमानाने सुरक्षितपणे उडत राहून उतरावं, अशी अपेक्षा आहे. हा निकष मोठ्या प्रवासी विमानांच्या तोडीचा आहे. पण अब्जातली एक शक्यता कुणाच्या मनात भरत नाही. चॉन्सी स्टार यांनी 1969 मध्ये दाखवलं होतं की स्वेच्छेने पत्करलेली जोखीम माणूस लादलेल्या जोखमीपेक्षा सुमारे हजारपट सहन करतो. पुढे पॉल स्लोव्हिक यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: परिणाम किती भयंकर वाटतो आणि प्रकार किती अनोळखी आहे. हवाई टॅक्सी दोन्हींत वरच्या टोकाला बसते. म्हणून ‘मोटारीपेक्षा सुरक्षित’ हा युक्तिवाद उलटतो. मोटारीत स्टिअरिंग हातात असतं, निदान ब्रेक मारणारा माणूस समोर दिसतो.

जुना इतिहासही पाठीशी नाही. लॉस एंजेलिस एअरवेजची हेलिकॉप्टरं 1968 मध्ये तीन महिन्यांच्या आत दोनदा पडली. मिळून 44 जण गेले. न्यूयॉर्कमध्ये पॅन अ‍ॅम इमारतीच्या गच्चीवर 16 मे 1977 रोजी उभ्या हेलिकॉप्टरच्या चाकांचा आधार मोडला, ते कलंडलं आणि रोटरच्या पात्यांनी गच्चीवरचे चार जण मारले. तुटलेल्या पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर पडून एक पादचारी स्त्री मेली. गच्चीवरची ती सेवा कायमची बंद झाली. या अपघातात विमान उडत नव्हतं आणि मेलेल्यांपैकी एकीने तिकीट काढलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अलीकडे जोबीचं 2022 मध्ये आणि व्हर्टिकल एअरोस्पेसचं 2023 मध्ये चाचणी-विमान पडलं. दोन्ही वेळा आत कुणी नव्हतं आणि मर्यादा ताणून बघण्यासाठीच चाचण्या असतात. वाचकाच्या लक्षात मात्र ‘पडलं’ एवढाच शब्द राहतो.

मग काय सांगायचं? लोक जे विचारतात त्याचं सरळ उत्तर द्यायचं. ते फार ठरलेले प्रश्न विचारतात. एक मोटर बंद पडली तर? उत्तर: पंखे अनेक असतात, बॅटरीचे संच आणि नियंत्रण संगणकही वेगवेगळे असतात, एक गेला तर उरलेल्यांवर भार जातो. सगळेच बंद पडले तर हेलिकॉप्टरसारखं फिरत फिरत उतरेल का? उत्तर: नाही. हेलिकॉप्टरचा मोठा रोटर वाऱ्याने फिरत राहून उतरवू शकतो, लहान पंख्यांना ते जमत नाही. म्हणूनच सगळे एकदम बंद पडणार नाहीत याची रचना करावी लागते. पॅराशूट आहे का? उत्तर: असलं तरी उघडायला उंची लागते, जमिनीजवळ त्याचा भरवसा नाही. बॅटरी पेटली तर? हा प्रश्न आता सर्वांत जोरात येतो, कारण फोन आणि दुचाकी पेटल्याच्या बातम्या लोकांनी पाहिल्या आहेत. इथे पेशींमध्ये आग पसरू नये म्हणून घातलेले पडदे, धूर बाहेर काढण्याचा मार्ग आणि तातडीने उतरायला लागणारा वेळ हे तीनही सांगा. ‘आमची बॅटरी पेटत नाही’ असं म्हणणारा प्रतिनिधी बाकीच्या तीनही उत्तरांवरचा विश्वास घालवतो.

वैमानिक नसलेल्या विमानाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. चीनच्या ईहांग कंपनीच्या दोन आसनी, वैमानिकाविना उडणाऱ्या ईएच216-एस विमानाला ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या हवाई नियामकाचं प्रकार-प्रमाणपत्र (विमानाची रचना सुरक्षित असल्याची मान्यता) मिळालं, म्हणजे गोष्ट कल्पनेतली राहिलेली नाही. आर्थिक ओढही जबर आहे: पाचातलं एक आसन वैमानिकाचं, म्हणजे उचललेल्या माणसांपैकी वीस टक्के माणूस भाडं देत नाही, उलट पगार घेतो. पण प्रवाशाच्या दृष्टीने वैमानिक फक्त यंत्र चालवत नाही. आत कुणी दारूच्या नशेत गोंधळ घातला, कुणाला चक्कर आली, कुणी दाराला हात घातला, तर बघणारा तोच असतो. रात्री एकट्या बाईने अनोळखी माणसाशेजारी, वैमानिक नसलेल्या केबिनमध्ये, मध्येच उतरता न येणाऱ्या वाहनात बसावं का, हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या विश्वासार्हतेचा नाही. ‘स्वयंचलित यंत्रावरचा अविश्वास’ म्हणून जे मोजलं जातं त्यात हा सहप्रवाशाचा भाग मिसळलेला असतो. प्रश्नावलीत दोन्ही वेगळे विचारले नाहीत तर उपायही चुकीचा निघतो: सहप्रवाशाची धास्ती असलेल्याला संगणकाच्या चाचण्या दाखवल्या जातात.

वजनाबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेक अहवाल ते टाळतात. वैमानिक आणि चार प्रवासी अशा रचनेच्या विमानांची वहनक्षमता साधारण 450 किलोच्या आसपास सांगितली जाते. पाच जणांत वाटली की माणशी, सामानासह, 90 किलो. विमानतळाला निघालेल्या माणसाची मोठी बॅगच वीस-तेवीस किलोची. म्हणजे प्रत्येकाला तोलावं लागणार, आणि तोल सांभाळायला आसनही विमान ठरवणार. नवरा-बायको पुढे-मागे बसतील. चारचौघांत काट्यावर उभं राहणं बऱ्याच लोकांना अपमानाचं वाटतं, आणि हे कारण कुणी प्रश्नावलीत लिहीत नाही. तिथे ‘गरज वाटत नाही’ असं लिहितात. यासाठी काटा जमिनीत बसवावा, माणूस आणि बॅग एकत्र तोलावेत, आकडा पडद्यावर दाखवू नये, फक्त पुढे जाण्याची खूण द्यावी. आरक्षण करताना बॅगेची मर्यादा ठळक असावी. जास्तीची बॅग मोटारीने मागून पोहोचवण्याची सोय विमानतळाच्या मार्गावर जवळजवळ अनिवार्य आहे.

केबिनमध्ये आणखी एक त्रास आहे, मळमळीचा. सेकंदाला 0.1 ते 0.5 आवर्तनांचे संथ हेलकावे माणसाला सर्वाधिक लागतात. लहान विमान झोताच्या हवेत हळू उतरताना नेमके तसे हेलकावे खाऊ शकतं. ज्याला पहिल्याच फेरीत मळमळलं तो परत येत नाही आणि चार जणांना सांगतो. उतरण्याचा मार्ग सौम्य ठेवणं, वाऱ्याची मर्यादा यंत्राच्या क्षमतेपेक्षा माणसाच्या सोसण्यानुसार ठरवणं, एवढं करता येतं. चाकाच्या खुर्चीतला प्रवासी, गुडघे दुखणारा वृद्ध यांना उंच दाराशी लागणारी मदतही आधीच ठरवून ठेवावी.

भाड्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लोक ‘महाग आहे’ म्हणतात तेव्हा अर्ध्या वेळा त्यांचा अर्थ ‘आठ मिनिटांसाठी महाग आहे’ असा असतो. वाचणारा वेळ दुप्पट झाला की तेच भाडं चालतं. गर्दीनुसार वर-खाली होणारं भाडं मात्र पहिल्या वर्षी टाळावं. नवख्या सेवेत ते लुबाडणूक वाटतं.

आता खाली राहणारे. त्यांचा हिशेब अगदी सोपा आहे, कारण त्यांच्या बाजूला जमेचा रकानाच नाही. एका उतरण-पट्टीवर तीन मिनिटांना एक हालचाल धरली तर तासाला 20, त्यातली 10 उड्डाणं. चार आसनं, सत्तर टक्के भरलेली: तासाला 28 माणसं. शहरातली एक बस एका फेरीत याहून जास्त माणसं नेते. ही 28 माणसं भाड्यामुळे श्रीमंतच असणार, आणि 20 वेळा डोक्यावरून जाणारा आवाज मात्र सगळ्यांचा. ‘मूठभरांसाठी आमची झोप का मोडायची’ या प्रश्नाला ध्वनिमापकाने उत्तर देता येत नाही.

आवाजाचे आकडेही सावधपणे वापरावेत. जोबीच्या विमानाचा 500 मीटर उंचीवरून सरळ उडतानाचा आवाज नासाबरोबरच्या मोजणीत 45.2 डेसिबल भरला. हा खरोखरच चांगला आकडा आहे. पण व्हर्टिपोर्टशेजारी राहणारा माणूस सरळ उड्डाण ऐकत नाही, तो उतरणं आणि उडणं ऐकतो. शिवाय सारख्याच डेसिबलला विमानाचा आवाज रस्त्याच्या आवाजापेक्षा जास्त खटकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी दिवस-रात्रीची शिफारस केलेली मर्यादा रस्त्याला 53 डेसिबल ठेवली आणि विमानांना 45. उड्डाणं दुप्पट झाली की सरासरी फक्त 3 डेसिबलने वाढते, तर दचकण्याची संख्या दुप्पट होते. सरासरी दाखवून समजूत घालणारा सल्लागार रहिवाशांच्या सभेत इथेच पकडला जातो. त्रास किती वाटतो हे आवाजाबरोबरच, हा आवाज टाळता आला असता का आणि आपल्याला कुणी विचारलं का, यांवरही अवलंबून असतं. पॅरिसमध्ये 2024 च्या ऑलिंपिकच्या वेळी व्होलोकॉप्टरची हवाई टॅक्सी प्रवाशांना घेऊन उडवायची योजना होती. प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही हे एक. पण सीन नदीवरच्या तरंगत्या तळाला शहराच्या लोकप्रतिनिधींनीच विरोध केला हे दुसरं. असा नकार तिकीटविक्रीत दिसत नाही. तो परवान्यात, उड्डाणांच्या वेळेच्या बंधनांत आणि कोर्टात दिसतो.

हा विरोध मोजायचा कसा? प्रचलित पद्धत अशी: आकर्षक व्हिडिओ दाखवा, ‘उपयुक्त वाटते का’, ‘सोपी वाटते का’, ‘वापराल का’ असे पाच किंवा सात पायऱ्यांचे प्रश्न विचारा आणि त्यांचे परस्परसंबंध काढा. संबंध छान जुळतात, कारण एकाच माणसाने एकाच बैठकीत एकाच मूडमध्ये सगळी उत्तरं दिलेली असतात. त्यातून मागणीचा अंदाज निघत नाही.

त्याऐवजी उत्तर देणाऱ्याने गेल्या आठवड्यात खरोखर केलेला एक प्रवास घ्या: कुठून, कुठे, किती वाजता, सोबत काय होतं, उशीर झाला असता तर काय बिघडलं असतं. त्याच प्रवासावर बेतलेली आठ ते दहा निवडपत्रं, म्हणजे पर्यायांतून एक निवडायला लावणारी पत्रं, दाखवा. प्रत्येक पत्रावर पाच-सहाच गोष्टी बदला: दारापासून दारापर्यंतचा एकूण वेळ, गाडीबदल, भाडं, रद्द होण्याची शक्यता, वैमानिक आहे की नाही, केबिनमध्ये एकटे की अनोळखी माणसासोबत. ‘नेहमीसारखाच जाईन’ हा पर्याय प्रत्येक पत्रावर हवाच. तो काढला की नकारच मोजता येत नाही, आणि नेमका तोच पर्याय काही अहवालांतून गायब असतो. प्रत्येक ‘हो’नंतर खात्री शून्य ते दहात विचारा आणि आठपेक्षा कमी असेल तर तो ‘हो’ धरू नका. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर निम्म्यांना दाखवा, म्हणजे त्याचा फुगवटा किती हे कळेल. नुसत्या ऑनलाइन पॅनेलवर विसंबू नका; तिथे नवी यंत्रं आवडणारे जास्त सापडतात.

रहिवाशांचं मोजमाप पूर्ण वेगळं ठेवा. त्यांना ध्वनिमुद्रण फोनच्या स्पीकरवर ऐकवणं व्यर्थ आहे, कारण त्यात खालचे स्वर गळतात. मोजून लावलेल्या स्पीकरवर, खिडकी उघडी आणि बंद अशा दोन्ही स्थितींत, तासाला 5, 10 आणि 20 फेऱ्या असं ऐकवा आणि कुठल्या संख्येला संताप सुरू होतो ते पाहा. तीच संख्या मग मार्गाची कमाल मर्यादा म्हणून लिहून द्या, सेवा सुरू होण्याआधी.

मार्ग निवडताना क्रम असा ठेवावा: आधी पाण्यावरून, रेल्वेमार्गावरून किंवा मोठ्या महामार्गावरून जाणारी वाट, जिथे खालचा आवाज आधीच मोठा आहे, मग रस्त्याने किमान दीड तास लागणारं अंतर, मग दोन्ही टोकांची मोटार. विमान कुठलं हा प्रश्न त्यानंतर. सेवा सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत एकूण प्रवासी मोजून फार काही कळत नाही. कुतूहलाने एकदा बसणारे भरपूर मिळतात. पहिल्या फेरीनंतर साठ दिवसांत किती जण स्वतःच्या पैशाने पुन्हा आले ते मोजा. न आलेल्यांना फोन करून त्या दिवशीचा दारापासून दारापर्यंतचा वेळ विचारा. तो त्यांच्या मोटारीच्या वेळेच्या आसपास निघाला, तर भाडं कमी करून उपयोग नाही. व्हर्टिपोर्टवरची थांबण्याची मिनिटं कापायला घ्या.